देव, माणूस आणि मधला : एका जुन्या ज्यू-ख्रिस्ती वादाची मराठी कहाणी

१/ कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास पॅलेस हे राजर्षी शाहू महाराजांचे जन्मस्थान. २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव येथे जन्मास आले आणि पुढे १८८४ मध्ये दत्तक जाऊन करवीरचे छत्रपती झाले. त्याच १८७४ साली पुण्यात एक लहानसे सचित्र पुस्तक छापले गेले. डावीकडून वाचायची मराठी आणि उजवीकडून वाचायची हिब्रू या दोन्ही भाषा त्यात होत्या, आणि चित्रांत सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया चक्क लुगडे नेसलेल्या होत्या. ते पुस्तक म्हणजे पुण्याची हग्गादा : ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री घराघरांत वाचला जाणारा विधिग्रंथ.

२/ या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही त्या शेजारी ठेवण्यास कारण आहे. महाराष्ट्रात गेली दीडशे वर्षे एक वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू येते : देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल नको. सत्यशोधकांनी ते म्हटले, प्रार्थना समाजाने सौम्य शब्दांत म्हटले, मिशनऱ्यांनी चावडीवर आणि बाजारात उभे राहून म्हटले, आणि कोकणातील बेने इस्राएल समाजाने ते फारसे न बोलता पिढ्यान्‌पिढ्या पाळले. वाक्य एकच असले तरी प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ निराळा आहे. हा फरक न ओळखल्यामुळे आपल्याकडील धर्मसुधारणेच्या इतिहासात काही ढोबळ समज रूढ झाले आहेत. प्रस्तुत थ्रेड त्याविषयी.

३/ आरंभ मुळापासून करणे बरे. जेरुसलेमच्या मंदिरात एक आतला गाभारा होता, परमपवित्र स्थान. त्यापुढे पडदा. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे योम किप्पुरला, केवळ मुख्य याजक त्या पडद्यामागे जाई. इतरांना तेथे प्रवेश नव्हता, आणि याजकपदही कर्तबगारीने मिळत नसे, ते अहरोनाच्या वंशात जन्माने येई. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर उद्ध्वस्त केले. गाभारा गेला, वेदी गेली, यज्ञबळी थांबले. मग पापक्षालन कसे व्हावे, देवापाशी कसे जावे, हा प्रश्न उघडा पडला. ज्यू धर्म आणि ख्रिस्ती धर्म यांनी त्याला दिलेली उत्तरे दोन दिशांना गेली, आणि दोन हजार वर्षे त्या दोघांमधील भांडणाची एक मोठी शाखा याच ठिकाणी फुटलेली आहे.

४/ ख्रिस्ती उत्तर असे. येशूच्या मृत्यूसमयी मंदिराचा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने याचा पूर्ण सिद्धान्त केला : येशू हाच आता कायमचा महायाजक, त्याने स्वतःचेच बलिदान एकदाच केले, म्हणून प्रत्येक विश्वासणारा धीटपणे देवाच्या सिंहासनापर्यंत जाऊ शकतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव आणि मानव यांमधील एकच मध्यस्थ सांगितला आहे, तो ख्रिस्त. म्हणून ख्रिस्ती प्रार्थना पित्याला उद्देशून असली तरी पुत्राच्या नावाने संपते.

५/ ज्यू उत्तर वेगळे. पडदा फाटण्याची गरजच नव्हती, कारण पडदा कधी आवाजासाठी नव्हता. शलमोनाने मंदिराच्या उद्घाटनाच्या वेळी केलेली दीर्घ प्रार्थना राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. तिच्यात तो असे गृहीतच धरतो की लोक दूर देशी बंदिवासात असतील, मंदिराकडे केवळ तोंड करतील, आणि देव स्वर्गातून ऐकेल. परदेशीयाने केलेली प्रार्थनाही त्यात येते. दानीएल बाबेलमध्ये मंदिर उद्ध्वस्त झालेले असताना दिवसातून तीनदा प्रार्थना करतो. योना माशाच्या पोटातून करतो. निनवे नगरी तर परक्यांची, तिथे ना वेदी ना याजक, तरी तिचा पश्चात्ताप स्वीकारला जातो. होशेय संदेष्ट्याच्या शब्दांचा आधार घेऊन रब्बींनी ठरवले की बळींच्या जागी आता ओठांचे अर्पण.

६/ यांतील सर्वात बोलकी कथा हन्नाची. तिच्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण साऱ्या वादाचा गाभा तिच्यात आहे. मूल होत नाही म्हणून सवतीचे टोमणे सोसणारी ही स्त्री शिलो येथील देवस्थानात येते आणि मनातल्या मनात प्रार्थना करते. ओठ हलतात, पण आवाज फुटत नाही. दाराशी एली नावाचा याजक बसलेला आहे, म्हणजे नेमका तोच माणूस, ज्याने देव आणि भक्त यांच्यामध्ये उभे राहायचे. त्याला काय वाटते? ही बाई दारू प्यायली आहे. तो तिला रागावतो. हन्ना शांतपणे सांगते की ती व्याकूळ आहे, मद्यधुंद नाही. एली वरमतो व तिला आशीर्वाद देतो. शमुवेलाचे पहिले पुस्तक या प्रसंगाने सुरू होते.

७/ पुढे तल्मुदातील रब्बींनी प्रार्थना कशी करावी याचे नियम शोधले, तेव्हा ते एलीकडे गेले नाहीत, हन्नाकडे गेले. मन एकाग्र असावे, ओठ हलावेत, आवाज इतरांना ऐकू जाऊ नये : आजही ज्यू प्रार्थनेचा मुख्य भाग उभ्याने, याच रीतीने, पुटपुटत म्हटला जातो. याजक समोर असूनही त्याला काही कळले नाही, आणि देवाने ऐकले. एका धर्माने आपल्या प्रार्थनेचा आदर्श म्हणून महायाजकाऐवजी एक रडवेली स्त्री निवडावी, ही गोष्ट साधी नाही.

८/ बाराव्या शतकात मैमोनिदीसने ज्यू श्रद्धेची तेरा तत्त्वे मांडली. त्यांतील पाचवे तत्त्व असे की उपासना केवळ देवाचीच करावी. देवदूत, ग्रह, तारे यांना त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे मध्यस्थ करू नये. हे तत्त्व लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर मूर्तिपूजा होती. परंतु ख्रिस्ती राज्यांत राहणाऱ्या ज्यूंनी ते वाचले तेव्हा त्यांना त्यात आणखी एक अर्थ दिसला असल्यास नवल नाही.

९/ येथे ख्रिस्ती बाजू न्यायाने मांडली पाहिजे, कारण ती बहुधा चुकीची सांगितली जाते. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने येशू हा दारावरचा कारकून नव्हे, जो अर्ज आत नेऊन देतो. इ. स. ३२५ च्या निकिया परिषदेने ठरवले की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. म्हणजे मध्यस्थ स्वतःच देव आहे. त्याच्यातून जाणे म्हणजे थेट देवापाशीच जाणे. ख्रिस्ती श्रद्धेचा सारा ओलावा येथे आहे : माणूस वर जाऊ शकत नव्हता, म्हणून देव खाली आला. ज्यू आक्षेपही नेमका याच ठिकाणी आहे. मध्यस्थ मानव असेल तर तो नको, आणि तो देव असेल तर देव एक राहिला नाही. एका पक्षाला जी कृपेची परिसीमा वाटते तीच दुसऱ्याला एकेश्वरवादातील तडजोड वाटते. हे मतभेद गैरसमजातून आलेले नाहीत, म्हणून समजावून सांगितल्याने मिटणारेही नाहीत.

१०/ आणि दोन्ही घरे बाहेरून दिसतात तितकी स्वच्छ नाहीत. कॅथलिक परंपरेत मारिया आणि संत यांना विनंती करता येते. वसईच्या किंवा गोव्याच्या कोणत्याही चर्चमध्ये गेलेल्या माणसाला हे सांगायला नको. लूथरपासून पुढे प्रॉटेस्टंटांनी यावरच कोरडे ओढले. तिकडे ज्यूंच्या पश्चात्तापाच्या प्रार्थनांत एक जुने पद्य आहे, ज्यात देवदूतांना आपली प्रार्थना आत नेण्याची विनवणी केलेली आहे. प्रागच्या महारालसारख्या मोठ्या रब्बींनी त्यावर आक्षेप घेतला, तरीही ते कित्येक ठिकाणी म्हटले जाते. हसिदी ज्यू आपल्या रेब्बेकडे चिठ्ठ्या घेऊन जातात. सिद्धान्त सरळ रेषेत चालतो, पण संकटात सापडलेला माणूस कोणाचा तरी हात शोधतोच.

११/ आता कोकण. अलिबागजवळच्या नवगाव येथे फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली, त्यांचे वंशज म्हणजे बेने इस्राएल, अशी त्या समाजाची परंपरा. ते गावोगाव विखुरले, तेलघाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. गावावरून आडनावे पडली : दिवेकर, रोहेकर, पेणकर, किहीमकर, अष्टमकर. त्यांच्यापाशी धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या नव्हत्या, सभास्थान नव्हते, रब्बी नव्हता. हिब्रू भाषा विसरली होती. उरले होते ते शब्बाथ, सुंता, खाण्याचे काही निर्बंध, आणि शमा : देव एकच आहे असे सांगणारे अनुवादातील ते एक वचन. जन्म असो, लग्न असो, मरण असो, तेच वचन म्हटले जाई.

१२/ दाविद रहाबी नावाचा कोणी ज्यू त्यांना भेटला, त्याने माशांच्या परीक्षेवरून (खवले व पर असलेले मासेच त्या घरात शिजत) ते आपलेच आहेत हे ओळखले आणि शिक्षण सुरू केले, असे परंपरा सांगते. त्याच्या काळाविषयी शतकांचे मतभेद आहेत. परंतु महत्त्वाचा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. शेकडो वर्षे एक समाज याजकाविना, ग्रंथाविना, मंदिराविना देवाला धरून राहिला. ज्यू सिद्धान्ताची याहून कठोर परीक्षा दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

१३/ त्यांच्या सणांची नावे ऐकण्यासारखी आहेत. योम किप्पुरला ते ‘दरफाळणीचा सण’ म्हणत, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, उपास करून, कुटुंब दार बंद करून घरात बसे. परक्याशी बोलणे नाही, शिवाशिव नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. यामागे काय झाले असेल ते पाहावे. जेरुसलेममध्ये याच दिवशी एक माणूस सर्वांच्या वतीने पडद्यामागे जात असे. चर्च म्हणते, पडदा फाटला आणि वाट सर्वांना खुली झाली. कोकणातल्या तेल्याने तिसरेच केले : त्याने आपल्या घराचे दार लावून घेतले, आणि बायकामुलांसकट सारे घर गाभाऱ्याच्या आत आले. कोणा पंडिताने हे ठरवले नव्हते. म्हणूनच ते अधिक मोलाचे.

१४/ शिवाय या समाजालाही एक लाडका आधार आहे : एलिया संदेष्टा, एलियाहू हन्नाबी. अलिबाग तालुक्यातील खंडाळे येथील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. तेथे नवस फेडले जातात, मलिद्याचे ताट होते. पोहे, गूळ, खोबरे, फळे. मिशनऱ्याला येथे संतपूजा दिसणार आणि शेजारच्या हिंदूला नवस दिसणार. समाजाचे उत्तर असे की आशीर्वाद देवाच्या नावाने म्हटले जातात, एलियाचे फक्त स्मरण होते. उत्तर शास्त्राला धरून आहे. तरी खंडाळ्याला जाणारी माउली मनात नेमके काय म्हणते याची नोंद कोणत्या शास्त्रात नसते.

१५/ अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले, स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये. दोघांचेही लक्ष बेने इस्राएलांकडे गेले, आणि ते साहजिक होते : जुना करार मानणारे, मूर्ती न पूजणारे, मराठी बोलणारे लोक. मिशनच्या शाळांत त्यांची मुले शिकली, काही जण तेथेच शिक्षक झाले. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. म्हणजे जी भाषा समाज विसरला होता ती त्याला परत मिळवून देण्यात त्याचे धर्मांतर इच्छिणाऱ्यांचा मोठा हात होता. हे ऋण बेने इस्राएलांनी कधी नाकारले नाही.

१६/ मिशनचा ज्यूंपुढचा युक्तिवाद त्या काळी जगभर साधारण सारखाच असे. तुमच्या शास्त्राप्रमाणे रक्ताविना प्रायश्चित्त नाही. मंदिर नाही, बळी नाही, मग तुमच्या पापांचे काय? तुमची प्रार्थना कोणाच्या आधारे वर जाते? हा प्रश्न धूर्त नव्हता, मनापासूनचा होता. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती ही की काहीतरी हरवले आहे. दरफाळणीच्या दिवशी दार लावून बसलेल्या माणसाला काही हरवल्यासारखे वाटत नव्हते. मिशनची शाळा समाजाने घेतली, व्याकरण घेतले, बायबलचे मराठी भाषांतर घेतले. मध्यस्थ घेतला नाही. बाप्तिस्मा घेणारे फारच थोडे निघाले.

१७/ उलट त्याच अक्षरज्ञानातून उत्तर तयार झाले. १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी भाषांतरासह हग्गादा निघाली, आणि १८७४ मध्ये पुण्याची. या ग्रंथाची एक विलक्षण बाब आहे. मिसर देशातून सुटकेची सारी कथा त्यात सांगितली जाते, पण ती सुटका घडवून आणणारा मोशे त्यात जवळजवळ दिसतच नाही. उलट आवर्जून बजावले जाते की देवाने हे स्वतः केले. देवदूताकरवी नव्हे, कोणा निरोप्याकरवी नव्हे. मध्यस्थ नाकारण्याचा हा मूळ पाठ फार प्राचीन आहे, मिशनऱ्यांना उद्देशून तो लिहिलेला नाही. परंतु १८४६ च्या मुंबईत तो मराठीतून, कुटुंबातील लेकराबाळांना कळेल असा, वाचला गेला, तेव्हा त्याने केलेले काम कोणत्याही वादविवादाच्या पुस्तिकेपेक्षा कमी नव्हते.

१८/ पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाइम सॅम्युएल केहीमकरांनी शाळा काढली आणि समाजाचा इतिहास लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. टाळ-चिपळ्यांच्या साथीवर मोशे, योसेफ यांची आख्याने लावणारी बेने इस्राएल कीर्तनेही झाली. पुण्यातील ओहेल दाविद सभास्थानाला लोक ‘लाल देऊळ’ म्हणतात ते उगाच नव्हे. आणि मुंबईत सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलेले सभास्थान समाजाच्या बोलीत ‘मशीद’ होते. शब्द शेजाऱ्यांचे, उपासना आपली.

१९/ आता पुन्हा कोल्हापूर. रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये येथे आले. त्यांचे मिशन पुढे प्रेस्बिटेरियन मंडळीकडे गेले. वाइल्डर यांच्या नावाचे चर्च शहरात आजही आहे. प्रेस्बिटेरियन म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतील, संत आणि पुरोहित या दोहोंचे वैरी. रोमच्या पाद्र्यावर जी टीका युरोपात घडली होती तीच भट-पुरोहितावर मराठीत येऊन आदळली. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेत शिकले, हे सर्वज्ञात आहे. यावरून एक सोपा निष्कर्ष वरचेवर काढला जातो : देव आणि भक्त यांमध्ये मध्यस्थ नको, हा सत्यशोधकी विचार ख्रिस्ती मिशनकडून आला. फुल्यांचे विरोधक हे हिणवण्यासाठी म्हणतात, काही चाहते अभिमानाने.

२०/ हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा भाग महत्त्वाचा आहे. मिशनकडून आली ती पुरोहितावरील टीकेची धार, छापखान्याची भाषा, समतेचा उदाहरणांसह आग्रह. परंतु मिशनच्या उपदेशाचे केंद्र ‘मध्यस्थ नको’ हे नव्हतेच. ते होते : ‘खरा मध्यस्थ हा आहे.’ २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने टीका घेतली आणि केंद्र सोडून दिले. फुल्यांच्या निर्मिकाला पुत्र नाही, महायाजक नाही, बलिदान नाही. येशूविषयी, बळीराजाविषयी फुले प्रेमाने लिहितात, पण कोणाच्या नावाने प्रार्थना करावी लागत नाही. सिद्धान्ताच्या आकृतीकडे पाहिले तर निर्मिकाची उपासना मिशन कंपाउंडपेक्षा लाल देवळाच्या अधिक जवळ आहे. याचा अर्थ फुल्यांनी ती ज्यूंकडून घेतली असा नव्हे. पंढरीच्या वाटेवर विठ्ठलाशी भांडणाऱ्या संतांच्या भाषेत वाढलेल्या माणसाला हे कोणाकडून उसने घ्यावे लागत नाही.

२१/ शिवाय ‘मधला’ हा शब्दच दुहेरी आहे. एक मधला तत्त्वाचा : देव आणि मानव यांतील अंतर कशाने भरते, हा प्रश्न. ज्यू-ख्रिस्ती वाद हा त्याविषयीचा आहे. दुसरा मधला समाजाचा : दारावर कोण बसला आहे, कोणाला आत सोडतो, किती दक्षिणा घेतो आणि कोणत्या जातीत जन्मला आहे. फुल्यांचा झगडा दुसऱ्याशी होता. ज्यूंचा पहिल्याशी. चोखोबांना देवापाशी जाण्यास तत्त्वाची अडचण कधी नव्हती, दगडी उंबरठ्याची होती. या दोन्ही गोष्टी एकत्र करणाऱ्यांना ना फुले कळतात, ना बायबल.

२२/ शाहू महाराजांच्या चरित्रात ही गाठ सर्वात स्पष्ट दिसते. १८९९ च्या कार्तिक महिन्यात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी नारायण भटजी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत होते, हे राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या लक्षात आणून दिले. विचारता उत्तर आले की शूद्रांना वेदोक्ताचा अधिकार नाही. एली याजकाने हन्नाला पाहून केलेली चूक निदान अज्ञानातली होती. येथे समोर छत्रपती उभे आहेत हे पुरोहिताला पुरते ठाऊक होते. पुढे राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्यास नकार दिला, त्यांचे वतन जप्त झाले, लोकमान्य टिळकांनी केसरीतून विरोधी बाजू मांडली, आणि महाराष्ट्रात ब्राह्मणेतर राजकारणाचा पाया पडला.

२३/ परंतु महाराजांनी मागितले काय होते? पुरोहित नको असे नव्हे. वेदोक्त विधी करणारा पुरोहित. कोल्हापुरात १९११ मध्ये सत्यशोधक समाज उभा राहिला, त्याला त्यांचा पाठिंबा होता. आर्य समाजाकडेही ते वळले. १९२० मध्ये त्यांनी मराठा मुलांना पौरोहित्य शिकवण्यासाठी वैदिक विद्यालय काढले आणि सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्रजगद्‌गुरू नेमले. सत्यशोधकांतील काहींना हे रुचले नाही. एक गुरुपीठ हटवून दुसरे बसवायचे असेल तर मधला गेला कोठे, हा त्यांचा प्रश्न योग्य होता. महाराजांची बाजूही समजण्यासारखी आहे : रयत लग्न-मर्तिकाला विधी मागणारच, तर तो तिच्याच घरातला माणूस का करू नये? ते संस्थान चालवत होते, प्रबंध लिहीत नव्हते. तरीही तत्त्वाच्या तराजूत सत्यशोधकांचे पारडे जड होते, असेच म्हणावे लागते. त्या विद्यालयाच्या पुढच्या इतिहासापेक्षा पुरोहिताविना लागणारे सत्यशोधकी लग्न महाराष्ट्राच्या खेड्यांत अधिक खोल गेले.

२४/ मराठी ख्रिस्ती समाजातही हीच ठिणगी पडली, हे सहसा सांगितले जात नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. येशू हा मध्यस्थ त्यांना हवाच होता. त्याच्यावर त्यांनी अभंग रचले, ख्रिस्तायन लिहायला घेतले. पण त्या मध्यस्थापर्यंत जाण्यासाठी परदेशी मिशनची पायरी चढावी लागते, हे त्यांना खुपत राहिले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, जेथे बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही येऊ शकत. तत्त्वाचा मधला राखून समाजाचा मधला बाजूला करण्याचा हा प्रयत्न होता. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही.

२५/ कोल्हापूरकरांना हा विषय जुना वाटण्याचे कारण नाही. अंबाबाईच्या गाभाऱ्यात वंशपरंपरागत पुजारी असावेत की पगारी, यावर शहरात आंदोलन झाले आणि २०१८ मध्ये राज्य विधिमंडळाने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. दोन्ही बाजूंनी शाहू महाराजांचे नाव अधूनमधून घेतले गेले. गाभाऱ्यात कोणी उभे राहावे यावर हजारो शब्द खर्ची पडले. तेथे कोणी उभे राहण्याची गरजच काय, हे विचारणारे सत्यशोधकी आवाज त्या गर्दीत फारसे ऐकू आले नाहीत.

२६/ बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य १९४८ नंतर इस्राएलला गेले. महाराष्ट्रात काही हजार उरले. तिकडे गेल्यावर त्यांना निराळाच मधला भेटला. लग्नासाठी तेथील रब्बी मंडळाने त्यांच्या पूर्वजांच्या ज्यू असण्याचे पुरावे मागितले. ज्यांनी शतकानुशतके कोणा रब्बीविना देवाशी नाते राखले त्यांना आता रब्बींनी नाते सिद्ध करायला सांगितले. समाजाने निदर्शने केली, प्रकरण इस्राएलच्या संसदेपर्यंत गेले आणि १९६४ मध्ये बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी ज्यू आहेत असे जाहीर करण्यात आले.

२७/ इस्राएलमधील मराठी घरांत आजही मलिद्याचे ताट होते आणि एलियाचे स्मरण होते. वल्हांडणाच्या रात्री दार उघडून त्याची वाट पाहिली जाते. योम किप्पुरला मात्र सारे सभास्थानात जातात. दार लावून घरात बसण्याची कोकणातली रीत आता कोणी पाळत नाही.